परदेशवारीसाठी चलन: रोख किती, कार्ड किती, आणि घ्यायचं कुठून?

पाऊलवाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही चौघं मध्य युरोपात जातोय: मी, नवरा आणि सासू-सासरे. सुरुवात स्वित्झर्लंडला, मग ऑस्ट्रिया, तिथून प्राग आणि शेवटी बुडापेस्ट. टूर कंपनी नाही, सगळं आपलं आपणच ठरवलंय. विमान, हॉटेलं आणि रेल्वेची बरीचशी तिकिटं भरून झाली आहेत. घोडं अडलंय ते पैशांपाशी.

नकाशात हे देश एकमेकांना खेटून आहेत, पण चलनं चार: फ्रँक, युरो, कोरुना, फोरिंट. नवरा म्हणतो, युरोपात सगळीकडे युरो चालतात, तेवढेच घेऊ. सासऱ्यांचा कार्डावर विश्वास नाही, त्यांना सगळी रक्कम रोख हवी. बँकेतून सल्ला मिळाला की प्रवासी कार्ड घ्या, दुसरं काही लागणारच नाही. तीन जण, तीन मतं, आणि यादी करायचं काम माझ्याकडे.

चारही चलनं निघतानाच घ्यावीत का? रोख साधारण किती ठेवावी? विमानतळावर घेतलं तर खरंच इतकं महाग पडतं का? आणि 'शून्य कमिशन' अशी पाटी लावणारे जेवतात कशावर?

इथे जगभरातून लोक लिहितात, तेव्हा आपापल्या देशाचे नियम कृपया बाजूला ठेवा. ते मी माझ्या बँकेला विचारेन.

मुशाफिर

चार चलनं घेऊ नका. थोडे फ्रँक, थोडे युरो, बाकी तिथल्या बँकेच्या एटीएममधून. चेकिया (म्हणजे प्राग) आणि हंगेरी (म्हणजे बुडापेस्ट) युरोपीय संघात आहेत, पण त्यांनी युरो घेतलेला नाही, त्यामुळे नवरोबांचा मुद्दा तिथे गळतो. पर्यटकांच्या भागात दुकानदार युरो घेतात, पण स्वतःच्या मनातल्या दराने. त्या दराला काही धरबंध नसतो.

(क्रोएशियात २०२३ पासून आणि बल्गेरियात १ जानेवारी २०२६ पासून युरो आहे. तिकडच्या जुन्या प्रवासवर्णनांवरून कुणी कुना किंवा लेव्ह शोधत बसू नका.)

जमाखर्च

चलनविभागात नोकरी झाली आहे, तेव्हा शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

बँका आपसांत चलनाची देवाणघेवाण करतात, तेव्हा खरेदी आणि विक्रीच्या भावांच्या मधोमध एक दर असतो. इंटरनेटवर 'एक युरो म्हणजे किती' असं विचारल्यावर दिसतो तो हा मध्य दर. तो तुम्हाआम्हाला मिळत नाही. चलनवाला त्याच्या वर विकतो आणि खाली विकत घेतो, आणि या दोन दरांमधली फट ही त्याची कमाई. हिशेब सोपा व्हावा म्हणून मध्य दर १०० धरा. त्याने १०४ ला युरो विकला आणि ९६ ला परत घेतला, तर कमिशन शून्य असूनही तुम्ही ५०० युरो घेऊन, एकही न खर्चता, परत दिलेत की ४,००० गेले. पाटी खोटी नाही. कमिशन खरंच शून्य आहे.

म्हणून पाटी वाचू नका, कमिशन विचारू नका, दरसुद्धा विचारू नका. एकच प्रश्न विचारा: 'मला ६०० युरो हवे आहेत. सगळं धरून एकूण किती द्यायचे?' फी, कर, घरपोच आणून देण्याचे पैसे, सगळं त्या आकड्यात आलं पाहिजे. तो आकडा घेऊन पुढच्या दुकानात जा.

फलकावर 'खरेदी' आणि 'विक्री' असे दोन रकाने असतात, ते दुकानदाराच्या बाजूने लिहिलेले असतात. तुम्हाला युरो हवेत म्हणजे तो विकतोय, तुम्ही 'विक्री'चा दर बघायचा. काही ठिकाणी बाहेर फक्त खरेदीचाच दर मोठ्या अक्षरांत लावतात, कारण तो दिसायला छान असतो. येन, फोरिंट, कोरुना यांचे दर पुष्कळदा १०० नगांचे दिलेले असतात, तेही बघून घ्या.

आता विमानतळ. तिथे भाडं जबर असतं आणि गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायला वेळ नसतो. दर वाईट असायला एवढी दोन कारणं पुरतात.

आणि नोटांचा दर कार्डाच्या दरापेक्षा वाईट का असतो, हेही सांगून टाकतो. कार्डाचा व्यवहार म्हणजे खात्यातल्या नोंदी. नोटा मात्र परदेशातून आणाव्या लागतात, त्यांचा विमा उतरवावा लागतो, मोजाव्या लागतात, तिजोरीत पडून राहतात. ज्या चलनाला मागणी कमी, त्यात हा खर्च जास्त. युरो, डॉलर स्वस्तात मिळतात, फोरिंट नाही. म्हणून फोरिंट हंगेरीतच घ्या.

पाऊलवाट

वा, हे आधी कुणी सांगितलं असतं तर! पण एक शंका. मी इथून युरो घेऊन गेले आणि बुडापेस्टला त्याचे फोरिंट केले, तर दोनदा फट भरली ना?

जमाखर्च

बरोबर, दोनदा. म्हणूनच मुशाफिर एटीएम म्हणताहेत. तिथे तुमच्या खात्यातून थेट फोरिंट निघतात, मधला युरो गळतो.

अपवाद आहेत. तुमचं चलन जगात फारसं कुणी घेत नसेल आणि पोहोचल्या ठिकाणी एटीएमचा भरवसा नसेल, तर मध्ये डॉलर किंवा युरो घालावाच लागतो. तुमच्या चारही ठिकाणी तशी वेळ नाही.

तिरकस

अजून रोखीच्या गप्पा चालू आहेत हे बघून गंमत वाटली. स्वीडनमध्ये जाऊन बघा, 'रोख घेत नाही' अशा पाट्या असतात दुकानांवर. मी खिशात एक नोट न ठेवता फिरतो. नोट हरवली की गेली, कार्ड हरवलं की फोनवरून बंद. आजी-आजोबांच्या कमरेला पैशांची पिशवी बांधून त्यांना प्रागच्या गर्दीत फिरवायचं, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

दर्याकिनारी

तिरकसराव, स्वीडन म्हणजे जग नव्हे. आम्ही जहाजावरची माणसं. असल्या बंदरांत उतरतो जिथे कार्डाचं यंत्र असतं, पण वीज नसते. वीज असते तेव्हा नेटवर्क नसतं. तिथे कामी येते ती स्वच्छ, कोरी डॉलरची नोट.

'स्वच्छ' हा शब्द सहज टाकलेला नाही. अमेरिकन सरकारने १८६१ पासून छापलेली प्रत्येक नोट आजही कायद्याने चालते, त्यांनी कधी कुठली रद्द केलेली नाही. पण हे तत्त्व अमेरिकेबाहेरच्या चलनवाल्याला सांगून बघा! कंबोडियात डॉलर सर्रास चालतात आणि तिथेच कोपरा फाटलेली नोट परत तुमच्या हातात येते. १०० ची नोट घ्यायची तर निळ्या पट्टीवाली, ऑक्टोबर २०१३ पासून चलनात आलेली. शाईचा डाग नको, शिक्का नको, घडीवर चीर नको. विकत घेतानाच एकेक नोट उलटून बघा आणि खराब असेल ती तिथल्या तिथे बदलून मागा. काउंटरवरून निघालात की तुमचं ऐकायला कुणी नाही.

पाऊलवाट, तुम्हाला युरोपात हे इतकं लागणार नाही. पण धागा पुढे दुसरेही वाचतील, म्हणून लिहिलं.

निळीशाई

युरोपातही एक भानगड असते: कालबाह्य नोटा. नातेवाईक प्रेमाने 'आमच्याकडे उरलेत, घेऊन जा' म्हणत जे पाकीट देतात ना, ते नीट तपासा. इंग्लंडच्या कागदी २० आणि ५० पौंडांच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानांत चालत नाहीत, आता सगळ्या पॉलिमरच्या. स्विस फ्रँकची आठवी मालिका ३० एप्रिल २०२१ ला चलनातून गेली. दोन्हींचं मोल मेलेलं नाही. बँक ऑफ इंग्लंड जुने पौंड बदलून देते आणि स्विस नॅशनल बँक ते फ्रँक कितीही वर्षांनी घेते. पण सहलीतला अर्धा दिवस मध्यवर्ती बँकेच्या दारात घालवायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

५०० युरोच्या नोटा २०१९ पासून नव्याने काढत नाहीत. आहेत त्या वैध आहेत, पण दुकानदार हातात घ्यायला नाखूष असतात. १०० आणि २०० च्या बाबतीतही छोट्या दुकानांत कुरकुर होते. नोटा घेताना ५०, २० आणि १० च्या मागा. 'सुट्टे नाहीत' म्हणाले तर थोडा हट्ट धरा.

आणि स्कॉटलंड, उत्तर आयर्लंडच्या बँकांनी छापलेले पौंड मायदेशी परत आणू नका. ब्रिटनबाहेर बरेच चलनवाले ते घेतच नाहीत, घेतले तर कमी दराने.

पाऊलवाट

अरे बापरे. सासूबाईंच्या बहिणीने दिलेल्या पाकिटात फ्रँक आहेत खरे! संध्याकाळी बघते.

तिरकसचा मुद्दा मला अर्धा पटतो. कार्डाबद्दल कुणीतरी सविस्तर लिहा ना. घासलं की झालं, इतकं सोपं आहे का?

मुशाफिर

घासलं की झालं, फक्त यंत्र एक प्रश्न विचारतं तेव्हा चूक बटण दाबायचं नाही.

परदेशात दुकानात किंवा एटीएमवर कार्ड घातलं की पडद्यावर येतं: रक्कम इथल्या चलनात हवी की तुमच्या मायदेशीच्या? मायदेशीचं चलन ओळखीचं, त्यामुळे बोट आपोआप तिकडे जातं. ते दाबलं की रूपांतर करतो तो दुकानदाराचा किंवा एटीएमवाल्याचा मध्यस्थ, स्वतःच्या दराने. मध्य दराच्या वर चार-पाच टक्के सहज, कधी त्याहून बरेच जास्त. स्थानिक चलन निवडलं तर रूपांतर व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने होतं, तो मध्य दराच्या बराच जवळ असतो. वर तुमच्या बँकेची परकीय व्यवहाराची टक्केवारी, असेल तर.

तेव्हा फ्रँकच्या देशात फ्रँक, फोरिंटच्या देशात फोरिंट. नेहमी, न चुकता.

एटीएमचा पडदा जास्त लबाड असतो. 'हमखास दर स्वीकारा' हे मोठं हिरवं बटण, आणि 'रूपांतर न करता पुढे जा' हे कोपऱ्यात बारीक अक्षरांत. वाचणाऱ्याला वाटतं की नाकारलं तर पैसेच मिळणार नाहीत. मिळतात. बिनधास्त नाकारा.

दुकानात वेटर किंवा विक्रेता कधीकधी तुम्हाला न विचारता स्वतःच बटण दाबून मोकळा होतो. पावतीवर तुमच्या मायदेशीच्या चलनाचा आकडा दिसला तर सही करण्याआधी, पिन टाकण्याआधी थांबवा. व्यवहार रद्द करून पुन्हा करता येतो.

खडूस_आजोबा

आमच्या वेळी ट्रॅव्हलर्स चेक असत. एक सही घेताना, दुसरी वटवताना, दोन्ही जुळल्या पाहिजेत. अमेरिकन एक्स्प्रेसने १८९१ मध्ये काढलेली युक्ती शंभर वर्षं चालली. चोरीला गेले तरी नंबर दाखवून नवे मिळत. आता ते वटवून देणारा शोधावा लागतो. कुणाच्या कपाटात जुने उरले असतील तर ते अजून वटतात, काढणाऱ्या कंपनीकडे चौकशी करा, फेकू नका.

पाऊलवाट यांच्या सासऱ्यांची बाजू घेतो. कार्डावर अविश्वास म्हणजे अडाणीपणा नव्हे. परमुलखात आपल्या खिशात स्वतःचे चार पैसे असले की माणूस मोकळेपणाने वावरतो. नाहीतर पाण्याच्या बाटलीसाठीसुद्धा सुनेकडे बघावं लागतं. त्यांना वेगळं छोटं पाकीट द्या, त्यात थोडे युरो. हिशेब विचारू नका.

पाऊलवाट

आजोबा, हे थेट पोहोचलं. पाकीट नक्की.

जमाखर्च

मुशाफिरांच्या प्रतिसादात भर. 'कार्ड' हा शब्द तीन वेगवेगळ्या वस्तूंसाठी वापरला जातोय.

क्रेडिट कार्ड दुकानात वापरायला उत्तम. एटीएममध्ये मात्र घालू नका. तो बँकेच्या दृष्टीने खर्च नसतो, उसनवारी असते. काढल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळी फी.

डेबिट कार्ड एटीएमसाठी बरं. तिथे तीन ठिकाणी कात्री लागू शकते: एटीएमच्या मालकाची फी, तुमच्या बँकेची फी, आणि रूपांतराची टक्केवारी. पहिल्या दोन पुष्कळदा दर खेपेला ठरावीक असतात, म्हणून रोज थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच पुरेसे काढावेत. निघण्याआधी बँकेला फोन करून ते कार्ड परदेशात चालू आहे ना, दिवसाची मर्यादा किती आहे, हे विचारा. पुष्कळ बँकांत परदेशी वापर आधीपासून बंद ठेवलेला असतो.

तिसरं, आधी पैसे भरायचं प्रवासी कार्ड. भरल्या दिवसाचा दर पक्का होतो आणि मुख्य खात्याला धक्का लागत नाही, हे त्याचे खरे फायदे. पण तुम्ही त्यात युरो भरले आणि फोरिंटमध्ये खर्च केला, तर आंतरचलन फी लागते. कार्डात फोरिंट ठेवायची सोय आहे का, ते आधी बघा. सहलीनंतर उरलेली रक्कम काढून घ्यायची फी, वर्षभर न वापरल्याची फी, असले बारकावे माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर असतात. पहिलं पान नाही वाचलंत तरी चालेल, शेवटचं वाचा.

आणखी एक. हॉटेलं आणि भाड्याच्या गाड्यांवाले अनामत म्हणून रक्कम अडकवून ठेवतात. ती डेबिट किंवा प्रवासी कार्डावर अडकली की तेवढे तुमचे हातातले पैसे कमी झाले, आणि सुटायला काही दिवस जाऊ शकतात. त्यासाठी क्रेडिट कार्ड पुढे करा. गाडीवाले कित्येकदा दुसरं घेतच नाहीत.

तिरकस

घ्या, जमाखर्च शेवटी माझ्याच बाजूने आले. :)

जमाखर्च

निम्मा. उरलेला निम्मा आजोबांकडे आहे.

सुरवंट

माझा बारीक प्रश्न. ऑनलाइन तिकीट काढताना बँक फोनवर सांकेतिक आकडा पाठवते. परदेशात तिथलं सिम घातल्यावर तो कुठून येणार?

निळीशाई

फार महत्त्वाचा प्रश्न, बारीक कसला. जुनं सिम फोनच्या दुसऱ्या खणात चालू ठेवा आणि त्यावर परदेशातही संदेश येतील एवढी सोय निघण्याआधीच करून घ्या. बँकेच्या अ‍ॅपमधून मंजुरी द्यायची सोय असेल तर ती वापरा, ती कुठल्याही इंटरनेटवर चालते. जी तिकिटं आधी काढता येतात ती घरून काढा.

आणि पिन आकड्यांनी लक्षात ठेवा. काही जण कळफलकावरच्या अक्षरांवरून शब्द करून ठेवतात. परदेशी एटीएमवर अक्षरं असतीलच असं नाही, मग रांगेत घामाघूम व्हायची वेळ येते.

दोन वेगळ्या बँकांची दोन कार्डं घ्या, एक व्हिसा एक मास्टरकार्ड असेल तर उत्तमच, आणि दोन वेगळ्या माणसांकडे ठेवा.

मुशाफिर

प्रागबद्दल खास, कारण तिथे चलन बदलण्याच्या नावाने पर्यटकांना टोप्या घालण्याचा धंदा फार जुना आहे.

रस्त्यात कुणी जवळ येऊन 'चांगल्या दराने कोरुना देतो' म्हणाला तर थांबूही नका. हातात दुसऱ्याच देशाच्या किंवा रद्द झालेल्या नोटा पडतात. आपण त्या कधी पाहिलेल्या नसल्यामुळे वरचे शून्य मोजून खूश होतो. जाण्याआधी चेक मध्यवर्ती बँकेच्या संकेतस्थळावर खऱ्या नोटांची चित्रं बघून ठेवा, पाच मिनिटांचं काम.

चलनाच्या दुकानात गेलात आणि बाहेर आल्यावर दर भलताच वाईट दिसला, तर चेकियात एक चांगला कायदा आहे. एप्रिल २०१९ पासून गिऱ्हाइकाला तीन तासांच्या आत जाऊन तो व्यवहार रद्द करता येतो, १,००० युरोच्या मोलापर्यंत. कारण द्यावं लागत नाही. पावती मात्र हवी. ही सोय नोटा बदलून देणाऱ्या दुकानांपुरती आहे, एटीएमवर दाबलेलं बटण त्यात येत नाही.

एटीएमही बँकेच्या शाखेच्या भिंतीतलं निवडा, शक्यतो शाखा उघडी असताना. यंत्राने कार्ड गिळलं तर आत जाऊन मागता येतं. पर्यटकांच्या चौकात सुटी उभी असलेली, झगमगीत यंत्रं टाळा. त्यांचं भाडं कोणाच्या खिशातून जातं ते जमाखर्चांनी वर सांगितलंच आहे.

पाऊलवाट

तीन ठिकाणी विचारून आले! जमाखर्चांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला: ६०० युरो, सगळं धरून किती. वेगवेगळ्या देशांतले वाचक आहेत म्हणून मध्य दर १०० धरून आकडे बसवले आहेत.

पहिल्याचा दर १०२.१, वर काही नाही. एकूण ६१,२६०.
दुसऱ्याचा दर १००.९, ऐकून मी जवळजवळ हो म्हणाले होते. वर घरपोच आणि प्रक्रिया मिळून ९००. एकूण ६१,४४०.
तिसरा 'शून्य कमिशन'. दर १०५. एकूण ६३,०००. पेढीवर मखमली खुर्च्या होत्या.

म्हणजे सगळ्यात चांगल्या दराचा दुसरा आला आणि पहिला जिंकला. बरोबर ना?

जमाखर्च

६०० युरोंना पहिला, १८० ने. पण दुसऱ्याला मोडीत काढू नका. दर युरोमागे तो १.२ ने स्वस्त आहे आणि ९०० एकदाच घेतो. ९०० भागिले १.२ म्हणजे ७५०. त्याहून जास्त युरो घेणार असाल तर दुसरा स्वस्त. ओळखीतलं कुणी याच सुमाराला जात असेल तर एकत्र मागवा, फी एकदाच बसेल. मात्र पावती आणि कागदपत्रं ज्याच्या नावावर नोटा, त्याचीच हवीत, एवढं विचारून घ्या.

तिसऱ्याकडे खुर्चीवर बसण्याचे १,७४० होतात.

दर्याकिनारी

:)) खुर्ची वाचून हसलो.

सुरवंट

दर आज वर आहे असं वाचलं. पाऊलवाटने आठवडाभर थांबावं का?

जमाखर्च

दर पुढच्या आठवड्यात कुठे जाईल हे ज्याला कळतं तो इथे प्रतिसाद लिहीत बसणार नाही. तिने तीन दुकानं फिरून जो फरक शोधला, तो आठवड्याभराच्या चढउतारापेक्षा सहसा मोठा असतो. मनाला चुटपुट लागत असेल तर अर्धे आज, अर्धे नंतर. ठरावीक फी असेल तिथे तेही करू नका, दोनदा भरावी लागेल.

दर्याकिनारी

युरोपाबाहेर जाणाऱ्यांसाठी थोडं. सगळ्याच देशांचं चलन बाहेर मिळत नाही. ट्युनिशियाचा दिनार देशात आणायला आणि बाहेर न्यायला बंदी आहे. तिथे उतरून घ्यायचा, आणि परत बदलताना आधीची पावती दाखवायची. पावती फेकली की उरलेले दिनार गळ्यात.

पश्चिम आफ्रिकेत आठ देशांचा एक सीएफए फ्रँक, मध्य आफ्रिकेत सहा देशांचा दुसरा. दोन्हींचा भाव युरोला ६५५.९५७ असा बांधलेला, अगदी सारखा. तरी एका बाजूची नोट दुसऱ्या बाजूच्या दुकानात चालत नाही.

इक्वाडोर, एल साल्व्हाडोर, पनामा इथे डॉलर हाच रोजचा पैसा आहे. दुसरं काही शोधू नका. मात्र छोट्या नोटा भरपूर न्या.

आणि यूएईचा दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ असा बांधलेला आहे. त्यामुळे तिथल्या चलनवाल्याने डॉलरचे किती दिरहम दिले त्यावरून त्याने किती कापले, हे तोंडी हिशेबात कळतं.

तिरकस

रोखीचे एवढे पुरस्कर्ते आहेत, मग सीमेवरच्या जाहीरनाम्याबद्दल कुणी का बोलत नाही?

निळीशाई

बोलते. युरोपीय संघात शिरताना किंवा निघताना १०,००० युरो किंवा जास्त रोख जवळ असेल तर लिहून द्यावं लागतं. अमेरिकेत १०,००० डॉलरच्या वर, आणि तिथे एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाची रक्कम एकत्र धरतात, चौघांत वाटून उपयोग नाही. जपानात १० लाख येनच्या वर. यात ट्रॅव्हलर्स चेकही मोजतात. लिहून दिल्याने कर लागत नाही, पैसे काढूनही घेत नाहीत. न सांगता सापडले तर मात्र जप्ती आणि दंड. स्वित्झर्लंड संघात नाही, त्यामुळे तिथून रेल्वेने ऑस्ट्रियात जातानाही हा नियम लागू आहे. पाऊलवाटच्या ६०० युरोंना अर्थातच काही नाही. स्वतःच्या देशातून किती नेता येतात, हा वेगळा नियम, तो बँकेलाच विचारा.

पाऊलवाट

ठरलं. पहिल्याकडून ६०० युरो, ५०, २० आणि १० च्या नोटांत. त्यातले काही सासऱ्यांच्या पाकिटात. पहिल्या दिवसापुरते थोडे फ्रँक. कोरुना आणि फोरिंट तिथल्या बँकेच्या एटीएममधून, डेबिट कार्डाने, रूपांतर नाकारून. हॉटेलं आणि जेवणखाण क्रेडिट कार्डावर. प्रवासी कार्ड घेत नाहीये, त्यात फोरिंट नाहीत असं शेवटच्या पानावर निघालं.

मावशींच्या पाकिटातले फ्रँक जुन्या मालिकेचे आहेत. पण आमचा एक मुक्काम बर्नला आहे आणि स्विस नॅशनल बँकेची खिडकी तिथे असल्याचं दिसतंय, बघू. सासऱ्यांचा आग्रह आहे की आपण जायचंच.

शेवटचा प्रश्न: बुडापेस्टहून निघताना फोरिंट उरले तर? नाणी तर कुणीच घेत नाही म्हणतात.

मुशाफिर

नाणी मायदेशी कुणी बदलून देत नाही, आणि फोरिंटच्या नोटांना दर इतका पडेल की न बदललेल्या बऱ्या. शेवटच्या दिवशी नवी रोख काढू नका. विमानतळावर पाण्याच्या बाटल्या, खाऊ घेताना आधी उरलेली नाणी-नोटा द्या आणि राहिलेली रक्कम कार्डावर घ्यायला सांगा. बहुतेक दुकानं करतात, फक्त आधी बोलायचं. रोखीत बिल पाचच्या पटीत येईल, कारण हंगेरीत १ आणि २ फोरिंटची नाणी २००८ मध्येच बंद झाली.

युरोची नाणी मात्र ठेवा, वीसहून अधिक देशांत चालतात.

खडूस_आजोबा

आणि सासऱ्यांच्या पाकिटात काय उरलं ते मोजू नका.